अल्झायमर आणि एपीओई-४ : आकडे वाचताना या चुका टाळा

‘ई-४ च्या दोन प्रती असतील तर अल्झायमर होण्याची शक्यता ९० टक्के.’ एपीओई या जनुकाच्या ई-४ प्रकाराबद्दलचं हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं, आरोग्याच्या व्हिडिओंमध्ये येतं, आणि अमेरिकेतल्या मुलाने लाळेची तपासणी करून घेतली की फोनवरून घरीही पोचतं. आकडा बनावट नाही. तो रीतसर छापलेला आहे, आणि तो कोणावर मोजला हेही तिथेच लिहिलेलं आहे. फिरता फिरता नेमकं तेवढंच गळलं.

कोणाचा आकडा, हे न विचारणं

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले न्यूरॉलॉजिस्ट ॲलन रोझेस आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट पेरिकॅक-व्हान्स उतारवयात होणाऱ्या अल्झायमरचा आनुवंशिक धागा शोधत होते. तो गुणसूत्र १९ वर कुठेतरी आहे, इतपत माग १९९१ पर्यंत लागला होता. त्याच गटातले वॉरन स्ट्रिटमॅटर मेंदूभोवतीच्या द्रवात अमायलॉइडला, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या पदार्थाला, चिकटणारं प्रथिन शोधत होते. हाती लागलं ते एपीओई, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारं, हृदयविकारवाल्यांच्या ओळखीचं प्रथिन. आणि त्याचं जनुक नेमकं गुणसूत्र १९ वर! या जनुकाचे मुख्य प्रकार तीन : ई-२, ई-३ आणि ई-४. आईकडून एक, वडिलांकडून एक, अशा दोन प्रती प्रत्येकाकडे असतात.

ऑगस्ट १९९३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या गटाचा शोधनिबंध आला, पहिलं नाव एलिझाबेथ कॉर्डर यांचं. ई-४ च्या प्रती शून्यावरून दोनवर जातात तसा धोका २० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जातो आणि आजार सुरू होण्याचं सरासरी वय ८४ वरून ६८ वर येतं, असं त्यात होतं. पण हे मोजलं होतं ४२ कुटुंबांत, आणि ती कुटुंबं निवडली होती तीच मुळी घरात उतारवयातला अल्झायमर होता म्हणून. अशा घरांत बाकीची जनुकंही सामायिक, राहणीही सामायिक. तिथला आकडा रस्त्यावरच्या कोणालाही लावता येत नाही.

पुढे मोजणीचा परीघ वाढला तसा आकडा उतरला. २०११ साली जेनिन आणि सहकाऱ्यांनी वयाच्या ८५ पर्यंतचा धोका काढला : दोन ई-४ असलेल्या पुरुषांत ५१ टक्के, स्त्रियांत ६० टक्के. एकच ई-४ असेल तर २३ आणि ३० टक्के. २०१७ च्या एका अभ्यासात, सर्वसाधारण लोकसंख्येतून घेतलेल्या गटांत, दोन प्रतींचा धोका ३० ते ५५ टक्क्यांच्या पट्ट्यात आला. म्हणजे निम्म्याच्या आसपास माणसं ८५ पर्यंत सुटतात. धोका थोडाथोडका नाहीच, पण ‘नक्की’ हा शब्द इथे बसत नाही. आणि ‘८५ पर्यंत’ हे दोन शब्द गाळून कोणी टक्केवारी सांगत असेल, तर ती अर्धवट आहे असं समजा.

‘१५ पट’ म्हणजे १५ पट शक्यता नव्हे

१९९७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात फॅरर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची गोळाबेरीज केली. गोऱ्या लोकांत दोन ई-४ साठी १४.९ आणि एका ई-४ साठी ३.२ असं धोक्याचं गुणोत्तर निघालं. इथे दोन घोटाळे होतात.

पहिला : ही तुलना सरासरी माणसाशी नसून ई-३/ई-३ जोडीशी आहे. सरासरीत ई-४ वालेही धरलेले असतात, त्यामुळे सरासरीशी तुलना केली की फरक कमी दिसतो.

दुसरा घोटाळा जास्त महागात पडतो. हे गुणोत्तर आजारी आणि निरोगी यांच्या प्रमाणाचं आहे. हिशेबापुरतं धरून चाला की ई-३/ई-३ च्या १०० माणसांत १० आजारी, ९० निरोगी. प्रमाण झालं एकास नऊ. त्याला १४.९ ने गुणलं की साधारण पाचास तीन येतं, म्हणजे शंभरात ६२ आजारी. दहावरून बासष्टवर, सहा पट. बातमीत मात्र ‘१५ पट शक्यता’ छापून येतं.

शिवाय त्याच गोळाबेरजेत जपानी लोकांत दोन प्रतींचा आकडा ३३.१ होता, तर आफ्रिकी-अमेरिकी लोकांत ई-४ चा प्रभाव बराच क्षीण. आपल्याकडचं काय? हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या खेड्यांची पेनसिल्व्हेनियातल्या एका ग्रामीण खोऱ्याशी तुलना करणारा भारत-अमेरिका अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. बल्लभगढमध्ये ई-४ चं प्रमाण ०.०७, तिकडे ०.११. ई-४ आणि आजार यांचं नातं मात्र दोन्हीकडे सारख्याच ताकदीचं निघालं. म्हणून ‘भारतीयांना ई-४ बाधत नाही’ ही समजूतही सोडा, आणि बल्लभगढचा आकडा कोकण-विदर्भाला जसाच्या तसा चिकटवूही नका.

कच्च्या फाइलमधून ई-४ शोधताना

तपासणी कंपनीकडून आलेली कच्ची फाइल उघडून स्वतःच निकाल काढण्याची हौस अनेकांना असते. शोधायच्या ओळी दोन : आरएस ४२९३५८ आणि आरएस ७४१२. दोन्ही लागतात, एकीवरून निकाल काढणं हीच सगळ्यात मोठी चूक.

ओळीवरची टी आणि सी ही डीएनएची अक्षरं, दोन प्रतींची दोन. पहिलीवर टीटी आणि दुसरीवर सीसी म्हणजे ई-३/ई-३. पहिलीवर सीटी, दुसरीवर सीसी म्हणजे ई-३/ई-४. दोन्हीकडे सीसी असेल तर ई-४/ई-४. पहिलीवर टीटी, दुसरीवर सीटी असेल तर ई-२/ई-३, आणि या ई-२ मुळे धोका उलट कमी होतो. दोन्हीकडे सीटी दिसलं तर ते जवळजवळ नेहमी ई-२/ई-४ असतं.

फाइलमध्ये टी-सी ऐवजी ए आणि जी दिसले तर घाबरू नका. डीएनएची समोरची साखळी वाचली गेली आहे : ए म्हणजे टी, जी म्हणजे सी. ओळ जागेच्या क्रमांकावरून शोधत असाल आणि ती सापडत नसेल, तर फाइलसाठी मानवी डीएनएच्या नकाशाची कोणती आवृत्ती वापरली आहे ते तपासा. आरएस ४२९३५८ ची जागा जुन्या ३७ व्या आवृत्तीत ४५४११९४१ आहे, ३८ व्या आवृत्तीत ४४९०८६८४. अक्षरांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा असतील तर वाचन झालेलंच नाही. त्याचा अर्थ ‘ई-४ नाही’ असा लावू नका. आणि हौसेने काढलेल्या निकालावर काही ठरवायचं असेल, तर आधी वैद्यकीय प्रयोगशाळेतून पुन्हा तपासून घ्या.

सगळी जनुकं एकाच माळेत ओवणं

कोलंबियातल्या अँतिओकियामध्ये फ्रान्सिस्को लोपेरा यांनी अभ्यासलेल्या कुटुंबांत प्रेसेनिलिन-१ या दुसऱ्याच जनुकातला ई-२८०-ए हा बदल आहे. तो असला की चाळिशीतच विस्मरण सुरू होतं आणि पन्नाशीच्या आसपास डिमेन्शिया. तिथे ‘जनुक म्हणजे आजार’ हे बहुतांशी खरं आहे. एपीओई-४ त्या जातीचं नाही. अल्झायमर झालेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांकडे ई-४ नसतंच. (त्या कोलंबियन कुटुंबांतही एक बाई सत्तरीपर्यंत शाबूत राहिली. तिच्याकडे एपीओई-३ चाच एक दुर्मीळ प्रकार दुहेरी होता. २०१९ मध्ये हे छापून आलं तेव्हा या विषयातल्या लोकांची झोप उडाली.)

२०२४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये फोर्तेआ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोन ई-४ असलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत ६५ पर्यंत अल्झायमरच्या खुणा दिसतात. मथळे झाले, ‘सगळ्यांना आजार होतोच’. खुणा दिसणं आणि रोजचे व्यवहार जमेनासे होणं यांत अनेक वर्षांचं अंतर पडू शकतं, आणि काहींच्या बाबतीत ते आयुष्यभर टिकतं.

मोठं नाव बघून मान डोलावणं

रोझेस यांचं १९९३ चं काम अमायलॉइडच्या मागे लागलेल्या अनेकांना पटलं नव्हतं, ते टिकलं. पुढे त्यांनी एपीओईच्या शेजारच्या टॉम-४० या जनुकातल्या टी अक्षरांच्या रांगेवरून आजाराचं वय सांगता येतं असा दावा केला. इतर गटांना तो नीट पडताळता आला नाही. त्याच आधारावर पायोग्लिटाझोन या मधुमेहावरच्या औषधाची मोठी चाचणी उभी राहिली, आणि परिणाम दिसेना म्हणून २०१८ मध्ये ती थांबवली गेली. माणूस तोच, पद्धतही जवळपास तीच. फरक दुसऱ्यांनी करून बघितल्यावर कळला.

आजोबा विसरायला लागले की आधी जनुक

हे उलटं आहे. आधी बी-१२, थायरॉइड, ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या आणि नैराश्य बघा. एपीओईवरून निदान होत नाही. अपवाद लेकानेमॅबसारख्या अल्झायमरवरच्या औषधांचा : त्याच्या मुख्य चाचणीत मेंदूला सूज येण्याचं प्रमाण दोन ई-४ वाल्यांत ३२.६ टक्के होतं, ई-४ नसलेल्यांत ५.४. तिथे ही तपासणी आधीच करावी लागते.

निकाल फक्त आपला आहे असं समजणं

ई-४/ई-४ निघालं तर आई आणि वडील दोघांकडेही किमान एकेक ई-४ होतं, आणि आपल्या प्रत्येक मुलाला एक मिळणारच. म्हणजे एका लाळेत तीन पिढ्यांचा निकाल. तो सांगण्यापूर्वी त्यांना ऐकायचा आहे का, हे विचारा.

लपवायचं ठरवलं तर तेही सोपं नाही. डीएनएच्या रचनेचे एक शोधकर्ते जेम्स वॉटसन यांचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनएचा मजकूर, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा एवढं एक जनुक उघड करू नका अशी त्यांची अट होती. ते झाकलं गेलं. पण शेजारची अक्षरं सहसा एपीओईबरोबरच वारशाने येतात, त्यामुळे त्यांवरून ते ओळखता येतं, असं काही संशोधकांनी दाखवून दिलं. शेवटी आजूबाजूचा २० लाख अक्षरांचा पट्टाच काढून टाकावा लागला. तेव्हा वंशावळीच्या एखाद्या साइटवर फाइल चढवण्यापूर्वी फक्त त्या दोन ओळी पुसल्या, तर उपयोग होत नाही.