हेड घासलं, कॉम्प्रेशन वाढलं, आता स्पार्क प्लग कुठला टाकायचा?

इंजिन खोललं, ओव्हरसाइज पिस्टन टाकले, हेड म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण घासून घेतलं, कॉम्प्रेशन रेशो ९ वरून साडेदहावर गेला आणि एवढं सगळं करून प्लग मात्र जुनेच परत बसवले, कारण काय तर "चांगलेच आहेत की". असं करू नका राव.

आधी हीट रेंज बघायची. गरम प्लग, थंड प्लग म्हणतात त्याचा ठिणगीच्या जोराशी काही संबंध नाही, प्लगच्या टोकाची उष्णता हेडमध्ये किती पटकन उतरते एवढाच प्रश्न. टोक साधारण ४५० डिग्रीच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही आणि ८५० च्या वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिक्श्चर पेटतं, मग पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. कॉम्प्रेशन वाढलं की ज्वलनाची उष्णता पण वाढते म्हणून कंपनीच्या नंबरपेक्षा एक पायरी थंड प्लगपासून सुरुवात करा, थेट दोन-तीन पायऱ्या नको, गावातल्या ट्रॅफिकमध्ये काळे पडतील.

आता गंमत बघा, एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, आणि बॉशमध्ये बरोब्बर उलटं! म्हणजे बीपीआर६ईएस होता तर बीपीआर७ईएस घ्यायचा. त्यातला ई म्हणजे थ्रेडची लांबी १९ मिमी, तो बदलायचा नाही. पी म्हणजे टोक पुढे आलेलं, आणि हेड घासल्यावर पिस्टन जवळ आलेला असतो, त्यामुळे पिस्टनवर मुलांची क्ले ठेवून हेड गॅस्केटसकट तात्पुरतं कसा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि दबलेल्या क्लेची जाडी मोजा. कंटाळा येतो पण कराच.

गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाशी ठिणगी जिथे उडते ती फट, थोडा कमी ठेवा. दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, १.१ मिमीवर मिसफायर होत असेल तर ०.८ करून बघा.

इरिडियमच्या टोकाच्या प्लगची घाई नको. पिस्टनच्या रिंगा बसेपर्यंत नवं इंजिन थोडं ऑइल खातंच, ते महागड्या प्लगवर कशाला? पहिले हजारेक किमी साधे निकेलवाले वापरा.

बसवताना इंजिन गार हवं. अ‍ॅल्युमिनियम हेडला १४ मिमीचा प्लग २५ ते ३० न्यूटन-मीटर, टॉर्क रेंच नसेल तर हाताने पूर्ण बसवून नव्या वॉशरला पान्याने अर्धा फेरा, बास.

मग एक लांब चक्कर मारून प्लग काढून बघा. बिस्किटासारखा रंग आला तर झकास. कोरडा काळा असेल तर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) किंवा प्लग जास्तच थंड, तेलकट असेल तर रिंगांकडे बघा. चिनीमाती पांढरीफटक आणि त्यावर चमकणारे बारीक ठिपके दिसले तर गाडी तिथेच थांबवा, ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे, आणि तिथे अजून थंड प्लग टाकून भागत नाही, ठिणगीचं टायमिंग मागे घ्या, मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) आहे का बघा आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा.