सांगली-मिरजेत गिटारचा क्लास शोधताना

सुरुवात वाद्यांच्या दुकानातून करा. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव खरं, पण गिटारच्या तारा न्यायला कोण मास्तर येतात हेही दुकानदाराला ठाऊक असतं.

फी विचारण्याआधी एक तास बसून बघा. सर स्वतःच वाजवतायत नि दहा मुलं नुसती ऐकतायत, तर दुसरीकडे चौकशी करा. चांगला शिक्षक आधी मुलाची गिटार ट्यून करतो, मग बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) तार किती उंच आहे ते पाहतो. ३ मिलिमीटरहून बरीच वर असेल तर बोटं सोलवटतात, एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर) दाबलाच जात नाही आणि पोरगं महिन्याभरात क्लास सोडतं. दोष मात्र त्याच्याच माथी!

सहा-सात वर्षांच्या मुलाला ३४ इंची, नायलॉन तारांची गिटार पुरते. 'वाढत्या अंगाची' म्हणून ४१ इंची घेऊ नका, हात पोचत नाही.

मोठ्यांनी पहिल्याच दिवशी सांगावं: गाण्याला साथ हवी, की नोटेशन (स्वरलिपी) शिकून लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा द्यायच्या? दोन्हींचे शिक्षक बहुधा वेगळे. फी महिन्याची भरा, वर्षाची नको. दोन महिन्यांत जी, सी, डी आणि ई मायनर या कॉर्ड्सची अदलाबदल मेट्रोनोमवर (ठेका देणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला ६० ठोक्यांना जमू लागली नाही, तर सरांना कारण विचारा.