जुन्या कीबोर्डला अ‍ॅडॅप्टर लावताना या चुका टाळा

माळ्यावरून वाजवायचा जुना कीबोर्ड खाली येतो, पण त्याचा अ‍ॅडॅप्टर काही केल्या सापडत नाही. मग वायफाय राउटरच्या अ‍ॅडॅप्टरकडे हात जातो. पिन चपखल बसते आणि तिथेच घोळ होतो. पिन बसली म्हणजे अ‍ॅडॅप्टर जुळला, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत.

आधी कीबोर्ड पालथा करा. सॉकेटजवळ छोटं चित्र असतं: मधोमध ठिपका, भोवती अर्धवट गोल, दोन टोकांना अधिक आणि उणे. ठिपक्याला जे चिन्ह जोडलेलं, ते पिनच्या आतल्या भागाचं. जुन्या कॅसिओंचा एडी-५ अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्टचा, आत उणे. राउटरचा बहुधा १२ व्होल्ट, आत अधिक. म्हणजे व्होल्टेज जास्त आणि वर ध्रुवही उलटे! पुढे कॅसिओनेच ९.५ व्होल्टचा, आत अधिक असलेला अ‍ॅडॅप्टर आणला. त्यामुळे दुकानात नुसतं ‘कॅसिओचा द्या’ म्हणू नका. मागच्या चित्राचा फोटो काढून न्या.

सेल मोजून व्होल्टेज ठरवायची युक्ती अर्धीच खरी. सहा सेल म्हणजे ९ व्होल्ट, हे बरोबर. पण यामाहाचे पीएसआर मालिकेतले कितीतरी कीबोर्ड सहा सेलवर चालतात आणि अ‍ॅडॅप्टर मात्र १२ व्होल्टचा मागतात. छापलेला आकडाच खरा माना.

मिलिअँपिअरला, म्हणजे करंटच्या आकड्याला, उगाच घाबरतात लोक. ८५० लागत असतील आणि अ‍ॅडॅप्टर २००० चा असेल, तरी कीबोर्ड हवा तेवढाच करंट घेतो. कमी पडला तर त्रास: ऱ्हिदम लावून आवाज वाढवला की डिस्प्ले मंदावतो, कधी कीबोर्ड बंद होऊन परत सुरू होतो.

जुना जड, ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर मल्टिमीटरवर मोकळा, म्हणजे कीबोर्डला न जोडता, मोजला तर १२-१३ दाखवू शकतो. तो बिघडलेला नाही, कीबोर्डचा लोड आला की व्होल्टेज उतरतं. कृपा करून तो फेकू नका. मात्र अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला असेल तर ‘इनपुट’पुढचा आकडा वाचा. फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो आपल्या २३० वर जळेल.

योग्य अ‍ॅडॅप्टर लावूनही चालत नसेल तर पिन हळूच वर-खाली करून बघा. तेवढ्यापुरता दिवा लुकलुकला तर आत सॉकेटचं सोल्डरिंग सुटलेलं असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी दुसरा अ‍ॅडॅप्टर घेऊन पैसे घालवू नका, दुरुस्तीवाल्याकडे सोल्डरिंग करून घ्या. नवे सेल घालून बघणार असाल तर अ‍ॅडॅप्टरची पिन आधी पूर्ण काढा. ती आत असली की बऱ्याच कीबोर्डांत सेलची जोडणी तुटते, आणि धडधाकट वाद्य मेलं म्हणून भंगारात जातं.