उंदराच्या वाढत्या फुप्फुसात एनआरएफ२ किती जागं आहे, हे कसं मोजायचं

गर्भातल्या फुप्फुसाला ऑक्सिजन बेताचाच मिळतो. रक्तातला त्याचा दाब २५ ते ३० मिलिमीटर पारा एवढाच असतो. श्वास सुरू झाला की वायुपिशव्यांत तोच दाब १०० च्या घरात जातो. हा धक्का पेलायची तयारी आधीच झालेली असते: गर्भकाळाच्या शेवटच्या १० ते १५ टक्क्यांत, सर्फॅक्टंटच्या (वायुपिशव्या मिटू न देणाऱ्या थराच्या) जोडीनं, सुपरऑक्साइड डिसम्युटेज (एसओडी), कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे ऑक्सिजनच्या माऱ्यापासून वाचवणारे एन्झाइम वाढतात. अशी संरक्षक जनुकं चालू करणारं प्रथिन म्हणजे एनआरएफ२. जन्माच्या सुमारास ते किती काम करतं हे पाहायला निघालेले अनेक जण पहिल्याच पायरीवर घसरतात, कारण ते एनआरएफ२चाच एमआरएनए (जनुकाची प्रथिन बनवण्यासाठी निघणारी प्रत) मोजतात.

तो आकडा फारसं काही सांगत नाही. एनआरएफ२चं नियमन मुख्यतः प्रथिनाच्या पातळीवर होतं. कीप१ हे प्रथिन त्याला पेशीद्रवात पकडून युबिक्विटिन (नाश करायची खूण) लावतं आणि प्रोटिआसोम हे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र त्याचा फडशा पाडतं. अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटांचं. ताण आला की कीप१वरच्या सिस्टीन १५१ सारख्या जागांवर रासायनिक बदल होतो, पकड सुटते, आणि नव्यानं तयार होणारं एनआरएफ२ केंद्रकात जाऊन लहान एमएएफ प्रथिनाबरोबर जनुकांच्या एआरई जागांवर (एनआरएफ२ ओळखतं त्या डीएनएच्या तुकड्यांवर) बसतं. म्हणून मोजायची ती लक्ष्य-जनुकं, म्हणजे एनआरएफ२ चालू करतं ती: एनक्यूओ१, जीसीएलसी, जीसीएलएम, टीएक्सएनआरडी१, एसआरएक्सएन१. एचमॉक्स१ जरूर घ्या, पण एकट्या त्याच्या भरवशावर निष्कर्ष काढू नका. त्याला बाक१ हे प्रथिन दाबून ठेवतं आणि मोकळा हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) तो दाब उठवतो, म्हणजे थोडा रक्तस्राव झाला तरी तो वाढतो.

दिवस नेमके धरा. प्लग (समागमानंतर मादीच्या योनीत दिसणारी गुठळी) दिसला त्या दुपारी १२ वाजता ई०.५; ई म्हणजे गर्भाचा दिवस, पी म्हणजे जन्मानंतरचा. ई९.५ ला फुप्फुसाचा अंकुर फुटतो. साधारण ई१२ ते ई१६.५ फांद्या फुटण्याचा काळ, ई१७.५ पासून वायुपिशव्यांचा. उंदीर याच टप्प्यात जन्मतो. खरे वायुकोश जन्मानंतर पाचव्या दिवसाच्या आसपास बनू लागतात. या प्रश्नासाठी ई१५.५, ई१७.५, ई१८.५, जन्मानंतर २ तास, २४ तास आणि पी७ एवढे बिंदू पुरतात. एकाच दिवसाच्या दोन वेतांत अर्ध्या दिवसाचा फरक सहज पडतो, म्हणून बोटांच्या वाढीवरून वय पडताळा. जन्माची वेळ घड्याळ लावून टिपा. ‘पी०’ एवढंच लिहिलं तर त्यात एका तासाचं पिल्लूही येतं आणि वीस तासांचंही.

नवजात पिल्लं ऑक्सिजनच्या अभावात बराच वेळ तग धरतात. कार्बन डायऑक्साइडनं त्यांना मारायला वेळ लागतो आणि तेवढ्यात जनुकांचं चित्र बदलतं. नीतिसमितीनं मान्य केलेली झटपट पद्धत वापरा. पी१ पासून पुढे उजव्या जवनिकेत बारीक सुई घालून, डावं अलिंद कापून, फुप्फुस पांढरं पडेपर्यंत थंड पीबीएस (फॉस्फेटयुक्त खारं द्रावण) सोडा. पी१ ला १ ते २ मिलिलिटर पुरतं, जोर लावलात तर फुप्फुस फुगून फाटतं. ही पायरी गाळू नका, कारण लाल पेशींत कॅटॅलेज आणि एसओडी१ ठासून भरलेलं असतं. न धुतलेल्या फुप्फुसातली कॅटॅलेजची ‘वाढ’ बहुधा रक्ताचीच असते.

ऊती काढल्यापासून दोन-तीन मिनिटांत द्रव नायट्रोजनमध्ये टाका. ५० ते १०० मिलिग्रॅम ऊतीला १ मिलिलिटर ट्रायझॉल (आरएनए काढायचं द्रावण). ई१२.५ च्या आसपासचं फुप्फुस इवलंसं असतं, तेव्हा एका वेतातली सगळी एकत्र करावी लागतात. आरएनएवर डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) चालवा, आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे याचा १ ते १० गुणांक) ७ च्या खाली असेल तर नमुना टाकून द्या. ५०० नॅनोग्रॅम आरएनएपासून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज एन्झाइमनं २० मायक्रोलिटर सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करा आणि पीसीआरनं मोजा. प्रायमर ८० ते १५० बेस जोड्यांचा तुकडा देणारे, दोन एक्सॉनांच्या सांध्यावर बसणारे. कार्यक्षमता ९० ते ११० टक्के. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली एक नळी प्रत्येक नमुन्यासोबत चालवाच.

खरी गोम संदर्भ-जनुकात आहे, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकीची मोजायची त्या स्थिर जनुकात. गॅपडीएच हे ग्लायकोलिसिसचं जनुक, ऑक्सिजन कमी असताना एचआयएफ-१ हे प्रथिन त्याला वर चढवतं. म्हणजे जी गोष्ट आपण मोजतोय तिच्याबरोबर मोजपट्टीच हलते. हिशेबापुरते काल्पनिक आकडे घेऊ. सीटी म्हणजे पीसीआरचा संकेत ठरावीक पातळी गाठायला लागलेली चक्रं; ती एकानं कमी म्हणजे एमआरएनए दुप्पट. ई१७.५ ला एनक्यूओ१ चा सीटी २६.०, एचपीआरटी २४.०, गॅपडीएच १८.०. जन्मानंतर एनक्यूओ१ २४.५, एचपीआरटी २४.०, गॅपडीएच १९.०. एचपीआरटीनं भागलं तर फरक २.० वरून ०.५ वर येतो, म्हणजे २ चा १.५ वा घात, सुमारे २.८ पट वाढ. गॅपडीएचनं भागलं तर ८.० वरून ५.५, म्हणजे ५.७ पट. एनक्यूओ१ तेच, उत्तर दुप्पट. एचपीआरटी, टीबीपी, पीपीआयए असे निदान तीन उमेदवार आपल्याच सगळ्या वयांवर तपासा आणि स्थिर ठरतील त्यांचा भूमितीय मध्य घ्या.

दुसरा सापळा पेशींच्या मिश्रणाचा. वाढत्या फुप्फुसात रोज वेगळ्या पेशी असतात, आणि जन्मानंतरच्या आठवड्यात वायुपिशव्यांत मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या संरक्षक पेशी) भरू लागतात, ज्यांच्यात एचमॉक्स१ भरपूर असतं. अख्ख्या फुप्फुसात एखादं जनुक वाढलेलं दिसलं तर नियमन बदललं की पेशी वाढल्या, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्याच प्लेटवर वेगवेगळ्या पेशींची ओळख देणारी जनुकं चालवा: ईपीकॅम, एसएफटीपीसी आणि हॉपएक्स (अस्तरपेशी), पीईकॅम१ (रक्तवाहिन्यांच्या पेशी) आणि पीटीपीआरसी (पांढऱ्या पेशी). शंका राहिली तर ईपीकॅम असलेल्या आणि सीडी४५, सीडी३१ (पीटीपीआरसी, पीईकॅम१ यांची प्रथिनं) नसलेल्या पेशी वेगळ्या काढून मोजा. ३७ अंशांवर एन्झाइमनं ऊती पचवली की एफओएस, जेयूएन सारखी ताणाची जनुकं त्या पचनामुळेच पेटतात, तेव्हा वेळ कमीत कमी ठेवा आणि सगळ्या वयांना तीच वेळ द्या.

आता प्रथिन. केंद्रकाचा अर्क बर्फावर, प्रोटिएज प्रतिबंधकासह काढा. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडानं शोधायच्या पद्धतीत) एनआरएफ२ची पट्टी अनुक्रमावरून येणाऱ्या ६६ ते ६८ किलोडाल्टनला शोधू नका. ती ९५ ते ११० च्या दरम्यान पळते, आणि ६८ च्या आसपासची ठळक पट्टी बहुतेकदा भलत्याच प्रथिनाची असते. एका गल्लीत १० मायक्रोमोलर एमजी१३२ (प्रोटिआसोम रोखणारं रसायन) काही तास दिलेल्या पेशींचा अर्क, दुसरीत एनआरएफ२ नसलेल्या उंदराचा नमुना ठेवा. हे उंदीर जन्मतात, जगतात, प्रजननही करतात. म्हणजे फांद्या फुटायला एनआरएफ२ अत्यावश्यक नाही, आणि नकारात्मक नियंत्रण म्हणून ते सोयीचे पडतात. जी पट्टी त्यांच्यातही दिसते ती एनआरएफ२ची नाही.

गर्भाच्या फुप्फुसाचे तुकडे वाढवून प्रयोग करणार असाल तर इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन ३ ते ५ टक्के ठेवा. नेहमीची २१ टक्के हवा या ऊतीला अतिऑक्सिजनच आहे. त्यात ‘नियंत्रण’ गटातही लक्ष्य-जनुकं चढू शकतात आणि सल्फोराफेन (एनआरएफ२ला जागं करणारं रसायन) घातलेल्या गटाशी फरक पुसट होतो. माध्यम बदलताना तुकडे बाहेर हवेत राहतात, म्हणून नवं माध्यम आदल्या रात्रीच त्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवा.

आकडेवारीत एकक म्हणजे वेत. एका आईची आठ पिल्लं म्हणजे आठ नमुने नव्हेत, ती एक आई. प्रत्येक वयाला निदान पाच-सहा वेतं घ्या. नराचं फुप्फुस पक्व व्हायला मादीपेक्षा थोडं मागे असतं, तेव्हा शेपटीच्या तुकड्यावर एसआरवायची (वाय गुणसूत्रावरच्या, फक्त नरात असणाऱ्या जनुकाची) पीसीआर करून लिंग नोंदवा आणि दोन्ही लिंगं सगळ्या गटांत सारखी वाटा.