फोनची पीळ-चाचणी: या चुका टाळा

पीळ-चाचणीत फोन नापास झाला की डिझाइनवाल्यांना धारेवर धरण्याआधी जिग, म्हणजे फोन पकडून पिळणारे उपकरण, तपासा. एक टोक घट्ट धरायचे आणि दुसरे उलटसुलट फिरवायचे, एवढेच तर काम. पण बहुतेक घोळ तिथेच असतो.

सर्वांत महागात पडते ती अक्षाची चूक. फिरण्याचा अक्ष फोनच्या रुंदीच्या आणि जाडीच्याही मध्यातून जायला हवा. फोन जिगच्या जबड्यात (पकडीत) डावी-उजवीकडे सरकला असेल तर पिळासोबत नागमोडी वाकही येतो आणि काच जबड्याच्या कडेला तडकते. शिवाय पिळताना फोन लांबीत किंचित आखडतो, म्हणून एक जबडा अक्षाच्या दिशेने मोकळा सरकू द्या. दोन्ही जखडले तर फोन ओढलाही जातो.

खात्री करायला फोनच्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवा. मध्यरेषेवर, एका जबड्यापासून मोकळ्या लांबीच्या पाव अंतरावर, दोन्ही पृष्ठांना 0-45-90 अंशांचा (0 म्हणजे लांबीच्या दिशेने) स्ट्रेन गेज, म्हणजे पृष्ठाचा ताण-आकुंचन मोजणारी चिकटपट्टी, लावा. बरोबर मधोमध लावू नका. नागमोडी वाक तिथे शून्य असतो, चूक दिसणारच नाही. निव्वळ पिळात फक्त 45 अंशांचा गेज ठळक आकडा दाखवतो. 0 अंशाचा हलला तर बघा: दोन्ही पृष्ठांवर चिन्ह सारखे असेल तर ओढ, उलट असेल तर वाक.

जबड्यांतले रबर जाड असेल तर मोटरने फिरवलेल्या कोनातला काही भाग तेच खाते. कोन फोनवर मोजा. व्हॉल्यूमचे बटण जबड्यात सापडू देऊ नका.

कोन आणि टॉर्क (पिळण्याचा जोर) दोन्ही नोंदवा. टॉर्क ठरवून चाचणी घेतली तर फोन सैल होत जाताना कोन वाढतो; कोन ठरवला तर टॉर्क घसरतो. एकाच आकड्यावर नजर ठेवली तर फोनची चौकट कधी सुटली ते कळत नाही.

आवर्तने संपल्यावर फोन चालू करून ‘पास’ लिहिणे, ही मात्र अक्षम्य गोष्ट. तडकलेला सोल्डर (चिप बोर्डाला जोडणारा धातूचा सांधा) पिळात उघडतो आणि सोडल्यावर पुन्हा टेकतो. 2014 चा आयफोन 6 प्लस आठवा: टच चिपचे सांधे निखळलेल्या फोनला हलका पीळ दिला की टच तात्पुरता परत येत असे. नोव्हेंबर 2016 मध्ये अ‍ॅपलला त्यासाठी खास दुरुस्ती योजना काढावी लागली. म्हणून फोन चालू ठेवूनच पिळा, दोन्ही दिशांना, आणि टच, कॅमेरा, चार्जिंगचा करंट त्याच वेळी नोंदवा. संशय आला तर चिपखाली लाल रंग (डाय) मुरवा, वाळवा, मग चिप उचकटा. ज्या सांध्याच्या तुटलेल्या पृष्ठावर रंग दिसेल, तो आधीच तडकलेला होता.

पाणीरोधक फोनची हवागळती पिळण्याआधी आणि नंतर मोजा. फोन जोडणारे चिकटद्रव्य पूर्ण वाळले नसेल तर चाचणी पुढे ढकला. खरी लिथियम बॅटरी असेल तर वाळूची बादली हाताशी हवीच.