माणसे टिकली, पण मन लागले का? विभागप्रमुखांनो, या चुका टाळा

वर्षभरात विभागातून एकही राजीनामा आला नाही, म्हणजे सगळे समाधानी आहेत, असे मानणे ही विभागप्रमुखांची सर्वांत मोठी आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारी चूक होय. जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या संशोधकांनी १९९१ मध्ये संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन पैलू मांडले: आपुलकी, नोकरी सोडल्यास होणाऱ्या नुकसानीचा हिशेब आणि कर्तव्यभावना. घराच्या हप्त्यांमुळे थांबलेला कामगार आणि कामावर जीव असलेला कामगार हजेरीपटावर सारखेच दिसतात. मात्र मशीनचा आवाज बदलला की एक जण लगेच मेंटेनन्सला कळवतो आणि दुसरा पाळी संपण्याची वाट पाहतो.

धाकाने काम होते, हा समजही असाच फसवा आहे. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवरील प्रयोगात हुकूमशाही पद्धतीच्या गटांतील मुले प्रमुख समोर असताना भरपूर काम करत, पण तो खोलीबाहेर गेला की काम मंदावे. मुलांवरचा प्रयोग कारखान्याला जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे. तरीही रात्रपाळीचे उत्पादन पाहणाऱ्यांना त्यातले मर्म पटेल. रिजेक्शन (तपासणीत नाकारला जाणारा माल) वाढले म्हणून सुपरवायझरने ऑपरेटरला साऱ्या लाइनसमोर झापले, तर पुढचा बिघडलेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, सुपरवायझरपर्यंत येतच नाही. तो चांगल्या जॉबखाली दडवला जातो आणि दोष थेट ग्राहकाकडे उघडा पडतो. म्हणून चूक कोणाची, हे विचारण्याआधी ती कोणत्या टप्प्यावर झाली, हे मशीनपाशी उभे राहून संबंधित ऑपरेटरसोबत पाहावे आणि कानउघाडणी करायचीच असेल तर ती एकांतात करावी.

याचा अर्थ सगळे माणसांवर सोडून द्यावे, असा नाही. त्याच प्रयोगात मोकळे सोडलेल्या गटांचे काम कमी आणि सुमार झाले होते. आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या मुलाला स्पष्ट सूचना हव्या असतात, तर अनेक वर्षे तेच मशीन चालवणाऱ्याला पावलोपावली सांगणे हा त्याच्या कसबाचा अपमान ठरतो. आग लागली असता मात्र चर्चा नको, हुकूमच हवा.

पगारवाढीने नाराजी काही काळ शमते. चांगल्या कामाची दखल घेण्याची जागा तिने भरून निघत नाही.

शेवटची चूक फार सर्रास घडते: सूचना मागवायच्या आणि पुढे काहीच कळवायचे नाही. सूचना अमलात येणार नसेल, तर ती देणाऱ्याला आठवडाभरात समोर बसवून कारण सांगावे. कारण पटले नाही तरी, आपले ऐकून घेतले जाते, हे त्याला कळते आणि पुढची अडचण तो आपणहून घेऊन येतो.