युद्धाची बातमी आली की आधी गोळ्यांचा डबा बघा

मे २०२५ मध्ये नाशिकच्या मॉक ड्रिलची, म्हणजे युद्ध झालंच तर काय करायचं याच्या सरावाची, बातमी आली. शेजारी मेणबत्त्या आणत होते, मी धाकट्या भावाच्या मानसिक आजारावरच्या लिथियमच्या गोळ्या मोजत बसले. सातच दिवसांच्या उरल्या होत्या. काळजात धस्स झालं.

युद्धात मानसोपचार लवकर कोलमडतो. डॉक्टर जखमींकडे, औषधांचा पुरवठा अडलेला आणि रुग्ण वाढलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागात पाचांतल्या एकाला मानसिक आजार असतो.

म्हणून डॉक्टरांशी बोलून थोडा जास्तीचा साठा ठेवा. चिठ्ठीची झेरॉक्स काढा, तिच्यावर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. परगावी तीच कंपनी मिळेलच असं नाही. गोळ्या पुरवायच्या म्हणून डोस मात्र कमी करू नका. लिथियम एकदम थांबलं तर आजार उलटू शकतो. उलटी-जुलाब झाले, पाणी कमी पडलं, तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. लगेच डॉक्टरांना विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर डब्यावरच चिकटवा, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि रात्री टीव्ही बंद. बातम्यांतल्या सायरनने भाऊ जागा राहायचा, आणि त्याचा आजार दर वेळी झोप मोडण्यापासूनच सुरू होतो.